डिझेल वाहनाची काटकसर : एका हिशेबाचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

डिझेलची गाडी घ्यावयास महाग पण चालवावयास स्वस्त, हे सूत्र मोटारधंद्यातील लोकांच्या तोंडी दोन-तीन पिढ्या रुळलेले आहे. मालमोटारीचा मालक, टॅक्सीवाला, एस. टी.चा आगारव्यवस्थापक व अलीकडे आपली पहिली मोटार घेणारा नोकरदार गृहस्थ हे सर्वजण ते सारख्याच निःशंकपणे उच्चारीत आले. परंतु ह्या चौघांचा हिशेब एक नव्हता. कोणाची गाडी वर्षाला लाख किलोमीटर धावे, कोणाची दहा हजार. कोणाजवळ स्वतःची कार्यशाळा होती, कोणाजवळ कोपऱ्यावरचा मिस्त्री. असे असता एकच सूत्र सर्वांना लागू पडावे हे मुळातच संशयास्पद आहे.

प्रस्तुत लेखाचा हेतू ह्या सूत्राची ऐतिहासिक फोड करून पाहणे हा आहे. डिझेल वाहनाच्या काटकसरीत दोन भिन्न घटक मिसळलेले आढळतात. एक घटक इंजिनाच्या रचनेतून येतो. तो पदार्थविज्ञानाचा आहे व कोणत्याही देशात, कोणत्याही राजवटीत तो कायम राहतो. दुसरा घटक तेलाच्या दरातून येतो. तो शासनाच्या धोरणाचा आहे व एका आदेशाने येतो, एका आदेशाने जातो. पहिल्यास आपण इंजिनाची बचत म्हणू व दुसऱ्यास दराची बचत. भारतात ह्या दोहोंचा जो घोटाळा झाला, त्याची किंमत पुढे अनेकांना मोजावी लागली, असे आमचे प्रतिपादन आहे.

२. इंजिनाची मूळ देणगी

रुडॉल्फ डीझेल (१८५८–१९१३) ह्या जर्मन अभियंत्याने १८९२ साली आपल्या इंजिनाच्या एकाधिकारासाठी अर्ज केला. त्याच्यासमोर प्रश्न होता तो वाफेच्या इंजिनाच्या उधळपट्टीचा. कोळशातील उष्णतेपैकी फारच थोडा भाग वाफेचे इंजिन कामात आणी; बाकीचा धुराड्यातून व थंड पाण्यातून वाया जाई. आउग्सबुर्ग येथील यंत्रशाळेत चार वर्षे खटपट केल्यानंतर फेब्रुवारी १८९७ मध्ये प्राध्यापक मोरिट्झ श्र्योटर यांनी डीझेलच्या इंजिनाची रीतसर चाचणी घेतली. त्या वेळी त्याची औष्णिक कार्यक्षमता सुमारे २६ टक्के भरली. त्या काळच्या मानाने हा आकडा विलक्षण होता.

ह्या कार्यक्षमतेचे कारण थोडक्यात असे. पेट्रोलच्या इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण दाबले जाते आणि ठिणगीने ते पेटविले जाते. मिश्रण फार दाबले तर ते अवेळी पेटते, म्हणून दाबावर मर्यादा येते. डिझेल इंजिनात केवळ हवा दाबतात. ती इतकी तापते की शेवटी आत फवारलेले तेल आपोआप पेट घेते. यामुळे हवा पंधरा-वीस पटींपर्यंत दाबता येते, व जितके दाबणे अधिक तितके उष्णतेचे काम अधिक. दुसरे असे की पेट्रोलचे इंजिन मंद चालवावयाचे तर आत येणाऱ्या हवेची वाट अडवावी लागते, व त्या अडवणुकीत शक्ती खर्ची पडते. डिझेलमध्ये हवेची वाट मोकळी राहते. केवळ तेल कमी सोडले जाते. म्हणून अर्ध्या ओझ्याने चालणाऱ्या, पदोपदी थांबणाऱ्या किंवा उभ्या उभ्या इंजिन चालू ठेवणाऱ्या गाडीत डिझेलची बचत विशेष दिसून येते.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. डिझेल पेट्रोलहून जड असते व त्याच्या एका लिटरात उष्णता सुमारे १० ते १५ टक्के अधिक असते. सबब लिटरमागे किलोमीटर मोजून जी बचत दिसते, तिचा काही भाग इंजिनाचा नसून मापाचा असतो.

डीझेलच्या मनात एक सामाजिक हेतूही होता. वाफेचे इंजिन फक्त मोठ्या कारखानदारास परवडते; आपले लहान, काटकसरी इंजिन छोट्या कारागिरास पुन्हा उभे करील, अशी त्याची उमेद होती. प्रत्यक्षात पहिले इंजिन माणसाहून उंच, टनावारी वजनाचे व दाबाच्या हवेच्या साहाय्याने तेल फवारणारे असे निघाले. ते कारखान्यात व जहाजावर बसले. कारागिराच्या झोपडीत शिरले नाही. काटकसर कोणाच्या वाट्यास येते हा प्रश्न अशा रीतीने ह्या यंत्राच्या जन्मापासूनच त्याला चिकटलेला आहे.

३. रस्त्यावरील प्रवेश

रस्त्यावर येण्यासाठी इंजिन हलके व्हावयास हवे होते, व दाबाच्या हवेचे लोढणे सुटावयास हवे होते. १९२३–२४ च्या सुमारास बेन्झ व मान ह्या जर्मन संस्थांनी डिझेल मालमोटारी पुढे आणल्या. परंतु निर्णायक पाऊल पडले ते १९२७ साली, रॉबर्ट बॉश यांच्या संस्थेने तेल फवारण्याचा पंप घाऊक प्रमाणावर बनवावयास सुरुवात केली तेव्हा. प्रत्येक सिलिंडरला प्रत्येक फेरीत थेंबाहूनही कमी तेल नेमक्या क्षणी मिळावे, ही कामगिरी ह्या पंपाची. डिझेल वाहनाची सारी काटकसर व त्याचा सारा महागपणा ह्या एका अवयवात एकवटलेला आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

१९३६ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीझ-बेन्झ २६० डी ही मोटार मांडण्यात आली. ती शंभर किलोमीटरला सुमारे साडेनऊ लिटर तेल घेई. त्याच तोडीची पेट्रोल मोटार सुमारे तेरा लिटर घेई. म्हणजे चौथाईहून थोडी अधिक बचत. हिचे खरे गिऱ्हाईक ठरले टॅक्सीवाले. आवाज मोठा, वेग बेताचा, धक्के जाणवणारे. तरी दिवसभर चाक फिरत राहणाऱ्यास ती परवडली.

ह्या बचतीची खरी कसोटी ब्रिटनमध्ये लागली. तेथे प्रारंभी जड तेलावर रस्तेकराचा भार नगण्य होता व म्हणून बसकंपन्या डिझेलकडे वळत होत्या. १९३५ साली ब्रिटिश सरकारने वाहनांत वापरल्या जाणाऱ्या जड तेलावरील कर गॅलनला ८ पेन्स, म्हणजे पेट्रोलइतकाच केला. दराची बचत जवळजवळ नाहीशी झाली. तरीही लंडनमधील व इतर शहरांतील बसचे डिझेलीकरण थांबले नाही. १९३९ साली रस्त्यावर आलेली लंडनची नवी आर. टी. बस डिझेलचीच होती. अर्थात नियमित, लांब व भरगच्च धाव असेल तेथे इंजिनाची बचत एकटीही पुरते, हे ह्या घटनेने सिद्ध केले. खाजगी मोटारीच्या मालकाने मात्र ब्रिटनमध्ये पुढे कित्येक दशके डिझेलकडे पाहिले नाही. एकाच देशात, एकाच करव्यवस्थेत दोघांचे निर्णय भिन्न झाले, कारण दोघांची धाव भिन्न होती.

४. महाराष्ट्रातील अनुभव

आपल्याकडील खेड्याला डिझेलची ओळख प्रथम रस्त्यावर झाली नाही, विहिरीवर झाली. तेलाचे इंजिन हा शब्द मोटेची जागा घेणाऱ्या यंत्रासाठी रूढ झाला. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही संस्था स्थापन झाली व तिच्या इंजिनांबरोबर नोझल, पंप, फिल्टर हे शब्द शेतकऱ्याच्या बोलीत आले. पुढे डिझेल मालमोटार गावोगाव पसरली तेव्हा तिच्या दुरुस्तीस लागणारे प्राथमिक ज्ञान विहिरीच्या काठावर आधीच तयार होते. ही गोष्ट आर्थिक इतिहासकारांच्या नजरेतून निसटता कामा नये.

रस्त्यावर त्या वेळी पेट्रोलचे राज्य होते. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे नियंत्रण आले व बसच्या पाठीशी कोळशाची शेगडी बसवून तिच्या वायूवर गाडी चालविण्याचा प्रयोग सर्रास झाला. घाटात उतारूंना उतरवून चढणाऱ्या त्या कोळशाच्या गाड्यांच्या आठवणी जुन्या पिढीने दीर्घकाळ सांगितल्या. इंधन हा वाहतुकीचा मर्मबिंदू आहे, हा धडा ह्या काळाने सर्वांना दिला.

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. प्रारंभीच्या ताफ्यात शेव्हरोले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शिअल, अल्बियन, लेलँड, कॉमर व फियाट अशा दहा घराण्यांच्या गाड्या होत्या. यांत अमेरिकी पेट्रोल गाड्या होत्या, तशाच डिझेलकडे वळलेल्या ब्रिटिश गाड्याही होत्या. दहा जातींचे सुटे भाग बाळगावयाचे, दहा जातींचे मिस्त्री शिकवावयाचे, एका गाडीचा भाग दुसरीस न लागल्यामुळे गाड्या आगारात अडकून पडावयाच्या, ह्या सर्वांचा खर्च तेलाच्या पावतीवर दिसत नाही. पण तो प्रत्येक किलोमीटरवर बसतो.

म्हणून डिझेलीकरण व एकजातीकरण ह्या दोन गोष्टी एस. टी.च्या इतिहासात हातात हात घालून आल्या. १९५४ साली टेल्कोने दायम्लर-बेन्झच्या सहकार्याने जमशेदपूर येथे मालमोटारी बनविण्यास सुरुवात केली. १९५५ साली मद्रासजवळील अशोक मोटर्सचे अशोक लेलँड झाले. १९५१ साली बंगळूर येथे स्थापन झालेल्या मायको संस्थेने पुढे तेल फवारण्याचे पंप व नोझल देशात बनविले. परदेशी चलनाच्या टंचाईत पंपाचा एक भाग विलायतेहून येईपर्यंत गाडी उभी, ही अवस्था त्यामुळे हळूहळू पालटली. इंजिनाची बचत ही देशी सुट्या भागांशिवाय कागदावरच राहिली असती.

५. सांभाळाचे अर्थशास्त्र

पेट्रोल इंजिन हयगय सोसते, डिझेल इंजिन सोसत नाही, असे जुने मिस्त्री म्हणत. याचे कारण पुन्हा तो पंपच. त्याच्या दट्ट्या व नळीमधील अंतर केसाहूनही कितीतरी पटींनी बारीक असते. तेलात पाणी किंवा धूळ गेली की तो घासतो. तो घासला की तेल अधिक जाते, काळा धूर येतो व बचत धुराबरोबर उडून जाते. फिल्टर वेळेवर बदलणे, हवेच्या गाळणीतील धूळ काढणे, नोझलचा दाब तपासणे, वंगणतेल ठराविक अंतराला बदलणे, चाकांतील हवा राखणे ही कामे किरकोळ दिसतात. काटकसर मात्र त्यांवरच उभी असते.

एस. टी.ने ह्याचे मोजमाप करण्याची शिस्त बसविली. दर दहा लिटरमागे किती किलोमीटर, हा आकडा आगार, गाडी व चालक यांच्या कामगिरीचा मापदंड बनला. ह्या आकड्यातून गाडीचा दोष व चालकाची सवय दोन्ही उघडी पडतात: उगाच गिअर ओढणे, ब्रेकवर ब्रेक लावणे, थांब्यावर इंजिन घुरघुरत ठेवणे. १९७३ च्या तेलसंकटानंतर कच्च्या तेलाची किंमत काही महिन्यांत सुमारे चौपट झाली, तेव्हा ह्या साध्या आकड्याचे मोल सर्वांस कळले.

एकट्या मालमोटारीच्या मालकाची रीत निराळी होती. त्याच्याजवळ नोंदवही नसली तरी चालकाशी तेलाचा ठोक हिशेब असे: अमुक फेरीला अमुक तेल, वाचेल ते चालकाचे, कमी पडेल तेही त्याचेच. या रीतीने तेल वाचे, परंतु उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडून देण्यासारखे जीवघेणे प्रकारही तिच्यातूनच उद्भवत. हिशेबाच्या वहीत न येणारा धोका येथे चालकाच्या अंगावर ढकललेला दिसतो.

६. दराची बचत

आता दुसऱ्या घटकाकडे वळू. स्वातंत्र्योत्तर भारतात पेट्रोल हे मोटारवाल्याचे, म्हणजे सधनाचे इंधन मानले गेले. डिझेल हे शेतीचे, मालवाहतुकीचे व सार्वजनिक बसचे. केरोसीन गरिबाच्या चुलीचे व दिव्याचे. दर त्या क्रमाने चढते-उतरते ठेवण्यात आले. हेतू स्वच्छ होता. डिझेल महागले तर धान्य व भाजी महागते, ही भीतीही निराधार नव्हती.

परंतु इंधन माणूस ओळखत नाही. मालमोटारीसाठी स्वस्त ठेवलेले तेल खाजगी मोटारीत घातले तर ते तितकेच स्वस्त. १९८० नंतरच्या काळात डिझेल ॲम्बॅसेडर आली. टॅक्सीवाले व जीपवाले जुने पेट्रोल इंजिन काढून त्या जागी डिझेल इंजिन बसवून घेऊ लागले. डिसेंबर १९९८ मध्ये पिंपरी येथे बनणारी टाटा इंडिका बाजारात आली व डिझेल मोटार मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आटोक्यात आली. पुढे पुण्याजवळच्या रांजणगाव येथे फियाटचे १.३ लिटरचे इंजिन बनू लागले व प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या मोटारींतही तेच बसू लागले.

जून २०१० मध्ये पेट्रोलचा दर नियंत्रणमुक्त झाला. डिझेलचा झाला नाही. दोहोंतील दरी रुंदावत गेली. मे २०१२ च्या अखेरीस दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपये १८ पैसे झाले, तर डिझेल ४० रुपये ९१ पैसे होते. ह्या दोन दरांवरून एक हिशेब मांडून पाहू. सोयीसाठी असे गृहीत धरू की पेट्रोल मोटार लिटरला १६ किलोमीटर जाते, डिझेल मोटार २१ किलोमीटर, आणि डिझेल मोटारीस एक लाख रुपये अधिक पडतात.

पेट्रोल मोटारीचा इंधनखर्च किलोमीटरला सुमारे ४ रुपये ५७ पैसे येतो, डिझेलचा १ रुपया ९५ पैसे. बचत २ रुपये ६२ पैसे. अधिक दिलेले लाख रुपये सुमारे ३८,००० किलोमीटरांत फिटतात. आता कल्पना करू की डिझेलचा दर पेट्रोलइतकाच आहे. मग डिझेल मोटारीचा खर्च ३ रुपये ४८ पैसे होतो व बचत केवळ १ रुपया ९ पैसे उरते; लाख रुपये फिटावयास सुमारे ९२,००० किलोमीटर लागतात. म्हणजे २ रुपये ६२ पैशांपैकी १ रुपया ९ पैसे इंजिनाचे व १ रुपया ५३ पैसे दराचे. निम्म्याहून अधिक काटकसर इंजिनाच्या नावावर जमा होत होती, पण ती देणगी शासनाची होती.

हाच हिशेब धावेप्रमाणे पाहिला म्हणजे त्याचे मर्म ध्यानात येते. वर्षाला ६०,००० किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीस इंजिनाची बचत एकटीच दीड वर्षात लाख रुपये फेडून देते. वर्षाला १२,००० किलोमीटर जाणाऱ्या घरगुती मोटारीस त्याच बचतीवर साडेसात वर्षांहून अधिक काळ लागतो. लाखावरील व्याज, अधिक विमा व महाग दुरुस्ती धरली तर ती कदाचित कधीच फिटत नाही. दराच्या बचतीने मात्र ही मुदत सव्वातीन वर्षांच्या आत आणली. २०१२–१३ च्या सुमारास विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी सुमारे निम्म्या डिझेलच्या होत्या, याचे रहस्य येथे आहे.

७. किंमत कोणी दिली

स्वस्त दराची तूट कोणीतरी भरून काढावी लागते. ती काही अंशी तेलकंपन्यांनी, काही अंशी सरकारी तिजोरीने, म्हणजे अखेर सर्व करदात्यांनी भरली. त्यात मोटार नसलेले बहुसंख्य लोकही होते. शेतकरी व बसचा उतारू यांच्या नावाने दिलेली सवलत मोठ्या, आरामशीर डिझेल गाड्यांच्या टाकीतही उतरत होती.

दरांच्या उतरंडीने भेसळीसही जन्म दिला. केरोसीन डिझेलहून स्वस्त असल्यामुळे ते डिझेलमध्ये मिसळण्याचा धंदा फोफावला. केरोसीनची वंगणशक्ती कमी असल्याने ते फवारणीच्या पंपाला झिजविते. ज्या अवयवावर सारी काटकसर उभी, त्याच्यावरच हा घाव होता. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेलाची भेसळ उघडकीस आणू पाहणारे मालेगावचे अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनावणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळले. लिटरमागील काही रुपयांच्या फरकाचा इतिहास लिहिताना ह्या घटनेपाशी थांबणे भाग आहे.

तिसरी किंमत हवेची. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील बसगाड्या नैसर्गिक वायूवर नेण्याचा आदेश दिला. जून २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराची गणना मानवास निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या पदार्थांत केली. हा खर्चही किलोमीटरवर बसतो. फक्त तो गाडीमालकाच्या वहीत लिहिला जात नाही.

८. समारोप

जानेवारी २०१३ पासून डिझेलचा दर थोडाथोडा वाढवीत नेण्यात आला व ऑक्टोबर २०१४ मध्ये तो नियंत्रणमुक्त झाला. दराची बचत आटली. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ची मानके लागू झाली; धुरातील काजळी पकडणारी गाळणी व इतर साधने अनिवार्य झाल्याने डिझेल मोटारीची मूळ किंमत आणखी वाढली. देशातील सर्वांत मोठ्या मोटार-उत्पादक संस्थेने त्याच वेळी डिझेल मोटारी बनविणे थांबविले. नव्या मोटारींतील डिझेलचा वाटा पुढे पंचमांशाच्या आसपास उतरला. विशेष म्हणजे ही काजळीची गाळणी लांब, सलग धावेतच नीट साफ होते. घर ते कचेरी अशा आखूड फेऱ्यांत ती तुंबते. जणू यंत्रानेच पुन्हा बजावले की ते कोणासाठी आहे. मालमोटार व लांब पल्ल्याची बस यांनी मात्र डिझेल सोडले नाही. १९३५ नंतरच्या ब्रिटनमध्ये जे दिसले, तेच सुमारे ऐंशी वर्षांनंतर आपल्याकडे दिसून आले.

यावरून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे, परंतु तो अन्य क्षेत्रांतही उपयोगी पडावा. एखादे यंत्र काटकसरी आहे काय, ह्या प्रश्नाला एकाकी उत्तर नसते. ते किती चालते, कोण सांभाळते, त्याच्या इंधनाचा दर कोण ठरविते व त्याच्या धुराचा खर्च कोणाच्या अंगावर पडतो, हे चार प्रश्न जोडीने विचारावे लागतात. विजेवर चालणाऱ्या वाहनांस आज सवलती दिल्या जात आहेत. त्यांच्याबाबतही यंत्राची बचत किती व सवलतीची किती, ही फोड आरंभापासूनच करून ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

अखेर संशोधक विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. हा इतिहास अद्याप मुख्यतः सरकारी दरपत्रकांवरून व कारखान्यांच्या वृत्तान्तांवरून लिहिला जातो. त्याची खरी साधने आगारांतील तेलाच्या नोंदवह्या, चालकांचे फेरीपत्रक, गॅरेजांची बिलबुके व मालमोटारवाल्यांच्या घरगुती खतावण्या ही होत. ह्या वह्या रद्दीत जाण्यास वेळ लागत नाही. ज्यांच्या जिल्ह्यात अशी साधने हाती लागण्याजोगी असतील, त्यांनी ती पाहून, नकलून ठेवावीत. लिटरमागील पैशांचे जे गणित कित्येक कुटुंबांनी आयुष्यभर मांडले, ते त्यांच्याच हस्ताक्षरात वाचल्याशिवाय ह्या विषयाचा इतिहास पूर्ण झाला असे म्हणता येणार नाही.